६५,५३७वी ओळ

१९९७. तेवीस वर्षं आधी.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ९७ मध्ये एका शीटवरच्या ओळींची मर्यादा १६,३८४ वरून ६५,५३६ झाली. दोनाचा सोळावा घात. त्या काळच्या कॉम्प्युटरला हे अंगण भलतंच ऐसपैस होतं. फाइलीच्या नावामागे 'डॉट एक्सएलएस' लागायचं. आजही अशी फाइल उघडून कंट्रोल आणि खालचा बाण एकत्र दाबला, की कर्सर रिकाम्या शीटवरून सरळ ६५,५३६व्या ओळीवर जाऊन थांबतो. बाण पुन्हा दाबला तरी हलत नाही.

२००७. तेरा वर्षं आधी.

एक्सेलची नवी आवृत्ती आली. ओळी १०,४८,५७६ झाल्या आणि फाइलीच्या नावामागे एक 'एक्स' वाढला. जुन्या फाइली मात्र चालत राहिल्या. उघडल्या की वरच्या पट्टीत 'कम्पॅटिबिलिटी मोड' असे दोन शब्द दिसायचे. त्याकडे फारसं कुणी बघत नसे.

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) इथल्या मेडिकल कॉलेजात, शेजारी सेवाग्रामला किंवा नागपूरला एमडी-एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरला मास्टर चार्ट म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. प्रबंधाच्या शेवटी जोडायचा तो लांबलचक तक्ता. एका रुग्णाची एक ओळ. वय, लिंग, रक्तदाब, हिमोग्लोबिन एकेका रकान्यात. माहिती कागदी प्रोफॉर्मावरून एक्सेलमध्ये जाते, एक्सेलमधून एसपीएसएसमध्ये, आणि तिथून पी-व्हॅल्यूचं टेबल वर्डमध्ये येतं. एसपीएसएसच्या जुन्या आवृत्त्यांना 'एक्स'वाली नवी फाइल वाचता येत नसे. म्हणून 'सेव्ह ॲज' करायचं आणि 'एक्सेल ९७-२००३ वर्कबुक' निवडायचं, ही सवय सीनिअरकडून ज्युनिअरकडे येत राहिली. प्रबंधात रुग्ण शंभर, दोनशे, फार तर पाचशे. ६५,५३६ या आकड्याशी कुणाची गाठ पडायचं कारणच नव्हतं.

जगभर हेच चाललं होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. सॅस, स्टाटा, एसपीएसएस, आर ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअरं हिशेब उत्तम करतात. पण साहेबाला रिपोर्ट हवा असतो एक्सेलमध्ये किंवा वर्डमध्ये. म्हणून ही सॉफ्टवेअरं एक्सेल-वर्डला जोडायच्या सोयी निघाल्या. विंडोजमध्ये आधी डीडीई, मग ओएलई, डेटाबेससाठी ओडीबीसी. पुढे आर वापरणाऱ्यांनी मजकूर आणि हिशेब एकाच फाइलीत लिहून बटण दाबताच अख्खा अहवाल छापून घ्यायची तजवीज केली. रोज सकाळी तीन तास खाणारं काम रात्री आपोआप होऊ लागलं. ज्याने हे जुळवून दिलं, त्याचं ऑफिसात कौतुक झालं. ते रास्तच होतं.

त्या तीन तासांत एक माणूस फाइल उघडायचा, खाली शेवटपर्यंत जायचा आणि आज किती ओळी आल्या ते नकळत बघायचा. हे काम कुणाच्या कामांच्या यादीत लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे ते प्रोग्राममध्येही लिहिलं गेलं नाही.

१६ जून २०२०. १०९ दिवस आधी.

महाराष्ट्राने कोविड मृत्यूंच्या आकड्यांचा ताळा घेतला. राज्याच्या नोंदी आणि प्रत्यक्षातले मृत्यू यांत फरक निघाला. आधीचे १,३२८ मृत्यू एका दिवसात एकूण आकड्यात मिळवावे लागले: मुंबईतले ८६२, उरलेल्या राज्यातले ४६६. विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं. आरडाओरड्यात एक साधी गोष्ट मागे पडली. दोन याद्या समोरासमोर ठेवल्या, म्हणून तर तफावत दिसली होती.

ऑगस्ट २०२०. दोन महिने आधी.

जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नामकरणाचे नवे नियम प्रसिद्ध केले. आदल्या वर्षभरात २७ जनुकांची नावं बदलून झाली होती. कारण एक्सेल. 'मार्च-वन' नावाचं जनुक शीटमध्ये टाइप केलं, की एक्सेल त्याची मुकाट्याने १ मार्च ही तारीख करून टाकायचं. 'सेप्ट-वन'चं १ सप्टेंबर. २०१६ साली तपासणी झाली, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत असा बिघाड सापडला होता. सॉफ्टवेअर बदलत नव्हतं, म्हणून शास्त्रज्ञांनी जनुकांची नावं बदलली. एक्सेल न विचारता माहिती बदलतं, हे त्या महिन्यात वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनाही कळलं होतं.

१८ ऑगस्ट २०२०. सहा आठवडे आधी.

ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था बंद करून तिच्या जागी नवी संस्था आणत असल्याचं जाहीर केलं. साथ अजून सुरूच होती. तिथली आकडे गोळा करणारी कॉम्प्युटर यंत्रणा जुनी झाली आहे आणि बदलायला हवी, हेही त्या उन्हाळ्यात ठरलं होतं. पण नवी येईपर्यंत जुनीवरच भागवायचं होतं.

जुनी यंत्रणा अशी. इंग्लंडमधल्या खासगी प्रयोगशाळा चाचण्यांचे निकाल सीएसव्ही फाइलींत पाठवत. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, मध्ये स्वल्पविराम. तिला ओळींची मर्यादा नसते. पब्लिक हेल्थ इंग्लंडने एक स्वयंचलित प्रक्रिया बसवली होती. ती या फाइली उचलून एक्सेलच्या ठरलेल्या साच्यात ओतायची. तो साचा पुढे मध्यवर्ती नोंदणीत चढायचा. तिथून एक वाट रोजच्या आकड्यांच्या डॅशबोर्डकडे जायची आणि दुसरी बाधितांच्या संपर्कातली माणसं शोधणाऱ्या 'टेस्ट अँड ट्रेस'च्या कॉल सेंटरकडे.

साचा एक्सएलएस होता. एका चाचणीच्या निकालाला अनेक ओळी लागायच्या. त्यामुळे ६५,५३६ ओळींच्या एका साच्यात साधारण १,४०० केसेस मावायच्या. त्यापुढच्या केसेस नुसत्या गळून पडायच्या.

माणसाने अशी अवाढव्य फाइल हाताने उघडली तर एक्सेल पडद्यावर चौकोन दाखवतं: फाइल पूर्ण उघडलेली नाही. पण स्वयंचलित कामात चौकोन आडवा आला तर 'ओके' दाबायला कुणी नसतं आणि काम अडून बसतं. म्हणून असे प्रोग्राम लिहिणारे बहुधा पहिल्याच ओळींत सगळ्या सूचना बंद करून टाकतात. ऑफिसांतून हे सर्रास चालतं, आणि शिकवतातही असंच.

यापुढचे तास ३ ऑक्टोबर २०२०, लंडनच्या रात्री १ वाजेपर्यंत मोजलेले आहेत. सावंगीचं घड्याळ तेव्हा लंडनच्या साडेचार तास पुढे होतं.

२४ सप्टेंबर, गुरुवार. लंडन रात्री १०:००, सावंगी मध्यरात्रीनंतर २:३०. १९५ तास.

इंग्लंडमधले पब आणि रेस्तराँ नव्या नियमाप्रमाणे प्रथमच रात्री दहाला बंद झाले. त्याच दिवशी संपर्क शोधायचं मोबाइल ॲप इंग्लंड आणि वेल्समध्ये सुरू झालं. तीन दिवसांपूर्वी सरकारच्या दोन मुख्य सल्लागारांनी टीव्हीवर आलेख दाखवला होता: केसेस दर आठवड्याला दुप्पट होत राहिल्या तर ऑक्टोबरच्या मध्याला दिवसाला पन्नास हजार. रोज वाढणाऱ्या आकड्याची कल्पना देशाला देऊन झाली होती. तो आकडा कुठल्या साच्यातून जातो आणि साच्याची खोली किती, हे आलेखावर नव्हतं.

२५ सप्टेंबर, शुक्रवार. लंडन दुपारी ४:००, सावंगी रात्री ८:३०. १७७ तास.

डॅशबोर्डवर आकडे चढायची ठरलेली वेळ. जाहीर झालेला ब्रिटनचा आकडा: ६,८७४. त्यात इंग्लंडच्या ९५७ केसेस नव्हत्या.

या ९५७ जणांना आपापला निकाल वेळेवर मिळाला होता. घरात विलग राहा, हेही सांगितलं गेलं होतं. ती वाट वेगळी होती आणि ती चोख चालली. म्हणून कुणाचीच तक्रार आली नाही. चुकला तो पुढचा फोन: गेल्या दोन-तीन दिवसांत कुणाकुणाला भेटलात, नावं सांगा, नंबर द्या. आपल्याकडे आशाताई किंवा आरोग्यसेवक दारात येऊन हाय रिस्क, लो रिस्क अशी यादी लिहून न्यायचे, तेच काम. फोन आला नाही म्हणून कुणी फोन करून विचारत नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४:००. १५३ तास.

जाहीर: ६,०४२. सुटलेल्या: ७४४.

शनिवार-रविवारी आकडा थोडा खाली येतोच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

२७ सप्टेंबर, रविवार. दुपारी ४:००. १२९ तास.

जाहीर: ५,६९३. सुटलेल्या: ७५७. तीन दिवसांची बेरीज २,४५८.

एसटीचा वाहक टप्प्याटप्प्याला गाडीतली डोकी मोजतो आणि वे-बिलाशी पडताळतो. तिकिटं छापायचं मशीन हातात आलं, तरी मोजणी सुटली नाही. चढले किती, उतरले किती, गाडीत किती: तीन आकडे जुळलेच पाहिजेत. पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या प्रक्रियेला एवढंच हवं होतं. सीएसव्हीत आलेल्या केसेस, साच्यातून पुढे गेलेल्या केसेस, आणि दोन्हींचा फरक शून्य नसेल तर काम जागीच थांबवायचं. कुठल्याही संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तीन-चार ओळींचं काम आहे. महागडी नवी यंत्रणा यायची वाट बघायची गरज नव्हती.

२८ सप्टेंबर, सोमवार. रात्री १२:००, सावंगी पहाटे ४:३०. १२१ तास.

इंग्लंडमध्ये नवा कायदा लागू झाला. टेस्ट अँड ट्रेसने विलग राहायला सांगितल्यावर न राहणं हा आता गुन्हा. दंड १,००० पौंडांपासून १०,००० पौंडांपर्यंत. गरिबांना घरात बसण्यासाठी ५०० पौंडांची मदत. दंड आणि मदत, दोन्ही एका फोनवर अवलंबून.

२८ सप्टेंबर, सोमवार. दुपारी ४:००. १०५ तास.

जाहीर: ४,०४४. सुटलेल्या: शून्य.

आठवड्यातला सगळ्यांत लहान आकडा, आणि एकही केस न गळालेला एकमेव दिवस. मला विचाराल तर अख्ख्या आठवड्यातला सर्वांत घातक दिवस हाच. रोज चुकणारी गोष्ट कधीतरी नजरेत भरते. मध्येच बरोबर चालणारी गोष्ट कुणी खोलून बघत नाही. त्या सोमवारी कुणी सहज म्हणून यंत्रणा तपासली असती, तर सगळं जागच्या जागी सापडलं असतं.

२९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ४:००. ८१ तास.

जाहीर: ७,१४३. ब्रिटनमध्ये साथ सुरू झाल्यापासून एका दिवसात नोंदवलेला सर्वांत मोठा आकडा म्हणून तो बातम्यांत गाजला. सुटलेल्या: १,४१५. त्या मिळवल्या तर ८,५५८.

३० सप्टेंबर, बुधवार. दुपारी ४:००. ५७ तास.

जाहीर: ७,१०८. कालच्यापेक्षा ३५ कमी.
सुटलेल्या: ३,०४९. मिळवून १०,१५७.

पाच आकडी संख्या आज पहिल्यांदा दिसायला हवी होती. साचा भरला की आकडा तिथल्या तिथे घुटमळतो. खरी संख्या जितकी जोरात वाढेल, तितका जाहीर आकडा सपाट दिसतो. साथ आटोक्यात येतानाही आलेख असाच दिसतो. नुसत्या आलेखाकडे बघून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही.

३० सप्टेंबर. संध्याकाळी ५:०० नंतर, सावंगी रात्री ९:३०. ५६ तास.

पंतप्रधान बोरिस जॉन्सन दोन सल्लागारांना घेऊन डाउनिंग स्ट्रीटवर पत्रकारांपुढे आले. मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स यांनी साथ आपल्या आटोक्यात नसल्याचं स्पष्ट सांगितलं. म्हणजे इशारा दिला गेला, आणि तो बरोबरही होता. पण इशारा देणाऱ्याच्या हातातला आकडाही तीन हजारांनी उणा होता.

१ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४:००. ३३ तास.

जाहीर: ६,९१४. सुटलेल्या: ४,१३३. मिळवून ११,०४७.

त्याच दिवशी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने आपल्या देशव्यापी पाहणीचे प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध केले. ऐंशी हजारांहून अधिक स्वयंसेवकांचे घशा-नाकातले नमुने. दर दोनशे माणसांमागे एक बाधित. पण वाढीचा वेग मंदावत असल्याची चिन्हं. ही पाहणी पूर्णपणे स्वतंत्र होती, तिचे नमुने त्या एक्सेल साच्यातून जात नव्हते. योगायोग असा, की तिचा सूर आणि डॅशबोर्डचा सपाट आलेख एकमेकांना दुजोरा देत होते. दोन साक्षी जुळल्यावर तिसरी कोण काढतं?

२ ऑक्टोबर, शुक्रवार. पहाटे ५:५४, सावंगी सकाळी १०:२४. १९ तास.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आपली आणि पत्नीची चाचणी पॉझिटिव्ह आल्याचं ट्वीट केलं. काही मिनिटांत ते जगभर पोचलं. गेल्या आठवड्यात ट्रम्प कुठे गेले, कुणाशेजारी बसले, कुणाशी हात मिळवला, याची यादी वार्ताहर दिवसभर वाढवत राहिले. संपर्कशोध कसा करतात याचं ते जाहीर प्रात्यक्षिक होतं.

इंग्लंडमध्ये त्या सकाळपर्यंत ११,०५५ बाधितांकडे अशी यादी कुणी मागितलेली नव्हती.

२ ऑक्टोबर. दुपारी ४:००, सावंगी रात्री ८:३०. ९ तास.

जाहीर: ६,९६८. सुटलेल्या: ४,७८६. मिळवून ११,७५४.

चार दिवस आकडा सात हजारांच्या आसपास घोटाळत होता: ७,१४३, ७,१०८, ६,९१४, ६,९६८. त्या शुक्रवारी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या साप्ताहिक पाहणीनेही वाढ थोडी थबकल्याची शक्यता वर्तवली. काही विश्लेषकांनी सावध समाधान व्यक्त केलं.

वर्ध्यात गांधी जयंतीची सुटी होती. त्याच दिवशी भारतातल्या कोविड मृत्यूंचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. आपल्याकडे सगळी भिस्त आयसीएमआरच्या पोर्टलवर होती. प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक, प्रयोगशाळेने निकाल पोर्टलवर भरायचा, तिथून जिल्ह्याने उचलायचा. त्यातही उशीर, दुहेरी नोंदी, चुकीचे पत्ते असायचे. बॅकलॉगचे खुलासे तर महाराष्ट्राच्या रोजच्या पत्रकातच छापून यायचे. ते वाचून लोक सरकारला हसायचे. पण छापलेला बॅकलॉग म्हणजे कुणीतरी मोजतंय, याची खूण असते.

२ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्र. काही तास.

पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये बिघाड लक्षात आला. प्रयोगशाळांचे निकाल डॅशबोर्डपर्यंत नेणाऱ्या टप्प्यात काही फाइली कमाल आकारमानाच्या पुढे गेल्या होत्या. आता जुन्या सीएसव्ही फाइली परत काढायच्या आणि साच्यात मावलेल्या केसेस वजा करायच्या. सुदैवाने मूळ फाइली शाबूत होत्या. ओळी प्रयोगशाळांकडे हरवल्या नव्हत्या, मधल्या पुलावरून पडल्या होत्या.

मोजणी आता झाली. ९५७, ७४४, ७५७, ०, १,४१५, ३,०४९, ४,१३३, ४,७८६. बेरीज १५,८४१.

३ ऑक्टोबर, शनिवार. रात्री १:००, सावंगी पहाटे ५:३०. शून्य तास.

सगळ्या उरलेल्या केसेस टेस्ट अँड ट्रेसकडे सोपवून झाल्या.

२५ सप्टेंबरच्या ९५७ जणांना फोन लागेल तेव्हा त्यांच्या स्वतःच्या दहा दिवसांच्या विलगीकरणातला बहुतेक काळ संपलेला असणार होता. त्यांच्या संपर्कातल्या माणसांनी चौदा दिवस घरात राहायचं होतं. त्यांतला आठवडा त्यांनी बसमध्ये, कामावर, शाळेच्या फाटकाशी आणि रात्री दहापर्यंत पबमध्ये घालवला होता. शोधायची राहून गेलेली अशी माणसं सुमारे पन्नास हजार असावीत, असा अंदाज पुढच्या दोन दिवसांत बातम्यांत आला.

३ ऑक्टोबर. दुपारी ४:००. पंधरा तासांनंतर.

डॅशबोर्ड ठरल्या वेळी बदलला नाही. आकडा संध्याकाळी उशिरा आला: १२,८७२. सोबत तांत्रिक अडचणीची छोटी टीप.

४ ऑक्टोबर, रविवार.

२२,९६१. दोन दिवसांपूर्वीच्या आकड्याच्या तिपटीहून जास्त. आता खुलासा करणं भाग होतं. पब्लिक हेल्थ इंग्लंडचे हंगामी प्रमुख मायकेल ब्रॉडी यांनी १५,८४१ हा आकडा जाहीर केला आणि प्रत्येकाला निकाल मात्र वेळेत मिळाला होता, हे आवर्जून सांगितलं. एक्सेलचं नाव निवेदनात नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी बातम्यांत आलं.

५ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ९:००. ५६ तासांनंतर.

१५,८४१ पैकी ५१ टक्के लोकांशी संपर्क झाला होता. हॅनकॉक यांनी हा आकडा त्या दिवशी संसदेत सांगितला. यंत्रणा जुनी होती आणि ती बदलायचं आधीच ठरलं होतं, हेही सांगितलं. सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या मतदारसंघांचे दर त्या दिवशी नव्याने मांडले जात होते. मँचेस्टर: दर लाख वस्तीमागे आठवड्याला २२३ वरून ४९६. लिव्हरपूल: २८७ वरून ४५६. आदल्या आठवड्यात या शहरांत काय उघडं ठेवायचं आणि काय बंद करायचं, याचे निर्णय आधीच्या आकड्यांवर झाले होते.

दुरुस्ती तोवर झाली होती. मोठ्या फाइलींचे छोटे तुकडे करायचे, म्हणजे एकही तुकडा साच्याच्या मर्यादेला भिडणार नाही. साचा एक्सेलचाच राहिला.

त्या दिवशी दुपारी जाहीर झालेला आकडा: १२,५९४.

५ नोव्हेंबर. तेहतीस दिवसांनंतर.

इंग्लंडमध्ये दुसरं देशव्यापी लॉकडाउन सुरू झालं. ते या चुकीमुळे झालं, असं म्हणता येणार नाही. साथ युरोपभर उसळली होती.

चुकीचा वाटा किती, हे वेगळं काढायचा प्रयत्न थिमो फेट्झर आणि थॉमस ग्रेबर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केला. गळालेल्या केसेस सगळीकडे सारख्या नव्हत्या. काही भागांतल्या जास्त सुटल्या, काहींतल्या कमी. आणि कुणाच्या जास्त सुटाव्यात, हे कुठल्या धोरणाने किंवा तिथल्या आजाराच्या जोराने ठरवलं नव्हतं, तर साच्यात कोण आधी बसलं यावरून ठरलं होतं. संपर्कशोधाचा उपयोग मोजायला अर्ध्या रुग्णांना मुद्दाम फोन न करण्याची परवानगी सावंगीतली काय, जगातली कुठलीच एथिक्स कमिटी देणार नाही. इथे तो प्रयोग कुणी न ठरवता होऊन गेला होता.

त्यांचा निबंध २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. पुढच्या सहा आठवड्यांचा हिशेब त्यात आहे. सुटलेल्या केसेसच्या तुलनेत, वेळेवर संपर्कशोध झालेल्या केसेसमागे नवे संसर्ग ६३ टक्क्यांनी कमी होते आणि मृत्यू ६६ टक्क्यांनी. त्याआधीच्या मसुद्यात त्यांनी हेच माणसांच्या संख्येत मांडलं होतं: सुमारे सव्वा लाख जादा संसर्ग आणि दीड हजारांहून अधिक जादा मृत्यू.